बावन्न किलो

बाबांची कुस्ती मी एकदाच पाहिली,
गावच्या क्लबात, चादरीवर,
आवाज नसलेल्या फिल्ममध्ये.
तेव्हा ते जपानी होते.

म्हणजे डावा पाय पुढे,
हनुवटी छातीत रुतवलेली,
आणि हात असे, पाण्यावरून पळणाऱ्या किड्यासारखे,
टेकतात न टेकतात तोच उचललेले.
मी आईला विचारलं, हे आपले बाबा?
आई म्हणाली, कान बघ. कान त्यांचेच आहेत.

मॉस्कोजवळच्या शिबिरात
लेव्ह वेनियामिनोविच परदेशी मल्लांची रिळं लावायचा,
आणि म्हणायचा,
स्पिरिदोन, बुधवारपर्यंत मला बल्गेरियन पाहिजे.
बुधवारी बाबा बल्गेरियन असायचे.
तोंडाने श्वास, उजव्या खांद्याची लबाडी,
पट काढण्याआधी पापणीची एक उघडझाप.
मग हाझ्बी दुदारोव,
ऑसेतियाचा, देशातला पहिला,
त्या बल्गेरियनला दिवसातून चाळीस वेळा
चारी मुंड्या चीत करायचा.

देशातला दुसरा
देशातच राहतो.
मिन्स्कला दुसरे. क्रास्नोयार्स्कला दुसरे.
तिबिलिसीला एका गुणाने,
पंचांनी कान खाजवत दिलेल्या एका गुणाने,
पुन्हा दुसरे.
छातीवर देशाची अक्षरं असलेला ट्रॅकसूट
सही करून घ्यायचा, सही करून परत द्यायचा.
एका वर्षी गुडघा रफू करून दिला होता,
तोही परत घेतला.

फोन यायचा तेव्हा आमच्याकडे रात्र सरत आलेली असे,
सहा तासांचं अंतर, त्यात खरखर.
जेवलात का, आई विचारायची.
परवा वजन आहे, ते म्हणायचे.
मेंढीच्या कातड्याचा कोट घालून बाष्पगृहात बसायचं,
डब्यात थुंकत राहायचं.
थुंकीलाही वजन असतं
हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे.

हाझ्बी सुवर्णपदक घेऊन आला त्या हिवाळ्यात
टपालाने एक खोकं आलं.
सुकवलेले पेअर, एक घड्याळ, आणि फोटो.
फोटोच्या मागे पेन्सिलीने:
खरा बल्गेरियन
तुझ्याइतका बल्गेरियन नव्हता.
बाबा हसले. इतके हसले की बाहेर जाऊन आले.
घड्याळ मॉस्कोच्या वेळेवर लावलेलं होतं.
ते त्यांनी तसंच राहू दिलं.

चौतिसाव्या वर्षी ते आम्गाकाठी परतले.
शाळेच्या व्यायामशाळेत भट्टी होती,
भट्टीपासून चार पावलांवर घाम
आणि आठ पावलांवर हिंव.
पोरांना ते सगळं शिकवायचे,
इराणी मिठी, तुर्की कात्री,
मंगोलियन माणूस हरताना कसा मांडी घालून बसल्यासारखा बसतो ते.
न्युस्तान नावाचं एक आगाऊ पोर होतं, त्याने विचारलं,
आणि तुमचा डाव कोणता?
बाबांनी शिट्टी तोंडात धरली.
वाजवली नाही.
मग म्हणाले, लाकडं आणा, भट्टी विझतेय.

भट्टी विझत नव्हती.

नोव्हेंबरात तळ्यावर बर्फ कापायला गेलो.
सहा महिन्यांचं पिण्याचं पाणी
करवतीने कापून, ठोकळे करून, घराशी रचायचं.
एक ठोकळा स्लेजवरून घसरला,
माझ्या पायाकडे यायला लागला.
तेव्हा बाबा वाकले.
डावा पाय पुढे नव्हता, उजवाही नव्हता,
दोन्ही गुडघे उघडे, पाठ जराशी वेडीवाकडी,
गाल बर्फाला चिकटवलेला,
आणि खालून, अगदी खालून,
त्यांनी तो उपसला
वासराला ओढ्यातून काढावं तसा.
असं कोणत्याच रिळात नव्हतं.

आई ओरडली, कंबर! कंबर सांभाळा!
मी विचारलं, केवढं वजन असेल?
ते धापा टाकत होते. गालावर लाल चौकोन उमटला होता.
बावन्न, ते म्हणाले.
घरात नेलं की
उतरेल.